सदुसष्ट सांगितलं, तर शहात्तर का लिहिलं?

दुसरीच्या वर्गात बाई 'सदुसष्ट' म्हणतात आणि एक मूल वहीत ७६ लिहितं. लाल पेनाच्या दृष्टीने ही चूक आहे. पण क्षणभर त्या मुलाच्या कानाने ऐकून बघा. 'सदु', म्हणजे सात, आधी ऐकू आलं. 'सष्ट', म्हणजे साठ, नंतर. डावीकडून उजवीकडे लिहायचं हे त्याला आपणच शिकवलेलं आहे. त्याने आधी ऐकलेलं आधी लिहिलं, नंतर ऐकलेलं नंतर. दोन्ही नियम त्याने इमानेइतबारे पाळले आणि तरी उत्तर चुकलं.

बहुतेक वर्गांत यापुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. 'दहा वेळा लिहून आण.' पण एखादी शिक्षिका इथे थांबते. तिच्या मनात येतं, वर्गातली किती मुलं असं लिहितात? सगळ्याच संख्या उलट्या लिहितात की काही ठरावीक? मी शिकवण्यात काय बदललं तर हे थांबेल, आणि ते थांबलं हे मला कळणार कसं? मग ती एक वही उघडते, तारीख टाकते आणि नोंदी करायला लागते. या उद्योगाला शिक्षणशास्त्रात 'कृती संशोधन' असं भारदस्त नाव आहे. बी.एड. झालेल्या कुणाहीसमोर हे नाव काढा, बांधलेल्या अहवालाच्या आठवणीने ते उसासा टाकतील. त्या उसाशाकडे मी पुढे येणारच आहे. आधी या वहीत काय काय सापडू शकतं ते पाहू, कारण ते थक्क करणारं आहे.

समजा बाईंनी वीस संख्यांचं श्रुतलेखन घेतलं आणि वह्या गोळा करून गुण देण्याऐवजी चुकांचे ढीग लावले. पहिला ढीग उलट लिहिलेल्यांचा : त्रेपन्नचे ३५, बहात्तरचे २७. दुसरा ढीग 'एकोण'चा. एकोणसत्तर सांगितलं की कुणी ७१ लिहितं, कारण 'एक' आणि 'सत्तर' हे दोन्ही शब्द त्याने स्पष्ट ऐकले. कुणी ७९ लिहितं, कारण शेवटी नऊ येतात एवढं त्याच्या लक्षात आहे आणि कानावर तर 'सत्तर' पडलेलं आहे. एक वजा करून मागच्या दशकात जायचं, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला एका शब्दाच्या उच्चारात उमगावं अशी आपली अपेक्षा असते! शिवाय नव्व्याण्णवपाशी पोचल्यावर 'एकोण' अचानक गायब होतं, ते वेगळंच.

तिसरा ढीग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. त्यात सात हा आकडाच ओळखू न आलेली मुलं आहेत. मराठीतला सात किती वेश बदलतो पाहा : सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. दशकंही स्थिर नाहीत. पन्नासचं कुठे 'पन्न' होतं, कुठे 'वन्न'. साठचं 'सष्ट' होतं, सत्तरचं 'हत्तर'. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण या शंभर संख्या शंभर स्वतंत्र नावांसारख्या पाठ करून बसलो आहोत. मूल मात्र त्यात नियम शोधत असतं.

आता गंमत अशी, की या तिन्ही ढिगांतल्या मुलांना परीक्षेत सारखेच गुण मिळतात : शून्य. गुणपत्रक सांगतं 'संख्यालेखन कच्चं'. ढीग सांगतात की या तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. हा फरक बाहेरून आलेल्या तपासणी अधिकाऱ्याला दिसणार नाही आणि राज्यव्यापी सर्वेक्षणालाही दिसणार नाही. तो फक्त रोज त्या वह्या हाताळणाऱ्या व्यक्तीला दिसू शकतो.

संख्यांच्या याच नावांवरून महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली होती, आणि तिचं केंद्र पुण्यात होतं. सेनापती बापट रस्त्यावरच्या 'बालभारती'ने जून २०१९ मध्ये दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आणलं. त्यात संख्यांची नेहमीची नावं होतीच, पण त्यांच्याबरोबर 'वीस एक', 'साठ सात' अशा धर्तीचं वाचनही होतं. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं : जोडाक्षरांनी भरलेली आणि लिहिण्याच्या उलट क्रमाने बोलली जाणारी ही नावं मुलांना अडखळवतात, काही मुलांच्या मनात इथेच गणिताची भीती बसते, तेव्हा त्यांना आणखी एक वाट द्यावी. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती. तरीही वादळ उठलं. विधानसभेत विषय गाजला, वर्तमानपत्रांतून पत्रं आली, मराठीचं काय होणार म्हणून लोक अस्वस्थ झाले.

त्या सगळ्या गदारोळात भाषाप्रेम होतं, गणितप्रेमही होतं. पण एक गोष्ट फारच थोडी ऐकू आली : 'माझ्या वर्गात मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या, आणि मला हे दिसलं.' ज्यांच्या समोर मुलं बसलेली होती त्यांच्या वह्या त्या वादात आल्या असत्या, तर वाद किती वेगळा झाला असता!

ही अडचण एकट्या मराठीची नाही, हेही सांगायला हवं. जर्मन भाषेत ६७ ला 'सात आणि साठ' म्हणतात. तिथे २००४ मध्ये एका गणितज्ञाच्या पुढाकाराने 'वीस एक' याच अर्थाचं नाव असलेली संस्थाच स्थापन झाली. सरळ क्रमाची नावंही शाळेत शिकवावीत ही तिची मागणी. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने संख्या बोलण्याचा क्रम बदलला. त्यामागे टेलिफोन खात्याचा आग्रह होता, कारण नंबर सांगताना आणि ऐकताना आकड्यांची अदलाबदल व्हायची. मोठ्या माणसांचंही दुसरीतल्या मुलासारखंच होत होतं.

वर्गातल्या निरीक्षणाला 'संशोधन' म्हणावं ही कल्पना आली कुठून? तिची मुळं शाळेत नाहीत, स्वयंपाकघरात आहेत. कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे चांगल्या मांसाची टंचाई होती आणि लोकांनी प्राण्यांचं हृदय, गुर्दा असे सहसा न खाल्ले जाणारे भाग खावेत अशी सरकारची इच्छा होती. गृहिणींना कसं पटवायचं? लेविनने काही गटांना तज्ज्ञांचं उत्तम व्याख्यान ऐकवलं : पोषणमूल्य, देशकर्तव्य, पाककृती, सगळं. दुसऱ्या गटांत बायकांनी आपसांत चर्चा केली, अडचणी मांडल्या आणि शेवटी करून पाहायचं की नाही ते स्वतः ठरवलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी तो पदार्थ केला होता. चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के.

हे आकडे प्रत्येक शिक्षक प्रशिक्षण वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. १९४६ च्या एका निबंधात लेविनने 'कृती संशोधन' ही संज्ञा मांडली. योजना करा, कृती करा, काय झालं ते बघा, त्यावरून पुढची योजना बदला, आणि हे ज्यांचा प्रश्न आहे त्यांनीच करायचं. स्टीफन कोरी याने १९५३ मध्ये यावर पुस्तक लिहून ही कल्पना अमेरिकेतल्या शाळांत नेली, आणि १९७५ मध्ये इंग्लंडच्या लॉरेन्स स्टेनहाउसने शिक्षक हाच संशोधक असल्याशिवाय अभ्यासक्रम सुधारणारच नाही अशी भूमिका घेतली.

पुण्याच्या वाट्याला या इतिहासातलं एक सुंदर प्रकरण आलेलं आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांची भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्याला, कोथरूडला आली. १९७९ पासून चित्राताईंनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी एक प्रकल्प चालवला आणि त्याला उघडपणे कृती संशोधन म्हटलं. ही मुलं, त्यातही मुली, दिवसा गुरं राखायची, पाणी भरायची, धाकटी भावंडं सांभाळायची. तेव्हा वर्ग संध्याकाळनंतर भरवायचे ठरले, शिकवणारी माणसं त्याच परिसरातली घेतली, आणि कामात गावकऱ्यांना सामील करून घेतलं.

मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे परीक्षा. रात्रीच्या वर्गातल्या मुलीला तीन तासांचा पेपर देऊन काय कळणार? म्हणून त्यांनी 'बालजत्रा' भरवल्या. गावोगावची मुलं एकत्र यायची, खेळायची, गायची, आणि त्याच गर्दीत वाचन, लेखन, हिशेब यांची पारख व्हायची. शिकणाऱ्याकडे नीट पाहिल्यावर मूल्यमापनाचं साधनसुद्धा बदलतं, याचं याहून देखणं उदाहरण मला माहीत नाही. तिकडे कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी आयुष्याचा मोठा काळ शिक्षकांना शिकवण्यात घालवल्यावर १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, आणि वर्गात काय घडलं ते लिहून ठेवण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली. त्यांची पुस्तकं त्या शिस्तीतून आली आहेत.

आता पुन्हा आपल्या बाईंच्या वहीकडे. ढीग लावून झाले. पुढे काय?

बाई ठरवतात की पहिला ढीग आधी घ्यायचा, उलट लिहिणाऱ्यांचा. त्यांना वाटतं, मुलं शब्द पूर्ण ऐकण्याआधीच पेन्सिल टेकवतात. मग उपाय असा : संख्या ऐकल्यावर आधी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या बाजूला काढायच्या, तोंडाने 'साठ आणि सात' म्हणायचं, आणि मगच लिहायचं. याला अहवालाच्या भाषेत 'कृती गृहीतक' म्हणतात. वर्गाच्या भाषेत : 'हे केलं तर ते सुटेल असं मला वाटतं, बघू.'

खरी बुद्धिमत्ता त्या 'बघू'मध्ये लागते. कारण मुलं तशीही वाढत असतात. आज चाचणी घेतली, महिनाभर काही केलं, पुन्हा चाचणी घेतली आणि गुण वाढले, यावरून उपाय लागू पडला असं कसं म्हणणार? काही न करताही थोडे वाढलेच असते. मग आपली शिक्षिका काय करू शकते? उपाय सुरू करण्याआधी ती काही आठवडे नुसतं श्रुतलेखन घेते आणि चुका मोजते. चुका आपोआप कमी होत असतील तर ते तिथेच दिसेल. नंतर उपाय सुरू करताना ती फक्त साठीतल्या संख्या घेते. सत्तरी, पन्नाशी यांना हात लावत नाही. श्रुतलेखनात मात्र त्याही विचारत राहते.

आणि मग त्या साध्या तक्त्यातून एक अद्भुत गोष्ट वाचता येते. फक्त साठीतल्या संख्या सुधारल्या आणि सत्तरीतल्या तशाच राहिल्या, तर मुलांनी साठीची नावं पाठ केली आहेत. साठीवर काम सुरू झाल्याबरोबर न शिकवलेली सत्तरी आणि पन्नाशीही सुधारली, तर मुलांना क्रमाचं तत्त्व समजलं आहे. मुलाच्या डोक्यात पाठांतर झालं की समज आली, हे डोकं उघडून बघता येत नाही. पण एका वहीतल्या दोन रकान्यांतून बरंच ओळखता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. प्रश्न नीट विचारावा लागतो.

आणखी एक शक्यता पाहा. पुणे महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, इंग्रजी, कन्नड माध्यमातही चालतात, पण मराठी माध्यमाच्या एकाच वर्गातही घरच्या भाषा अनेक असतात. बांधकामावर आलेल्या कुटुंबातलं मूल घरी कन्नड बोलत असेल. कन्नडमध्ये सदुसष्टला 'अरवत्तेळु' म्हणतात : आधी साठ, मग सात. तेलुगूतही क्रम तसाच. म्हणजे ज्या मुलाला आपण 'त्याचं मराठी कच्चं आहे' म्हणून मागच्या बाकावर बसवतो, त्याच्या घरच्या भाषेत संख्या लिहिण्याच्याच क्रमाने बोलल्या जातात. बाईंनी एके दिवशी त्याला फळ्यासमोर उभं करून त्याच्या भाषेत साठ ते सत्तर मोजायला सांगितलं, शेजारी मराठी नावं लिहिली आणि मुलांना विचारलं, 'काय वेगळं दिसतंय?', तर त्या तासाला गणित, भाषा आणि माणुसकी तिन्ही शिकवून होतील. कोणत्या मुलाच्या घरी कोणती भाषा आहे हे मंत्रालयाला ठाऊक नसतं. वर्गशिक्षिकेला असतं.

दुसरं एक संशोधन कुणीही शिक्षक उद्या करू शकतो. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं बारकाईने ऐकली. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबतो? सरासरी सुमारे एक सेकंद. त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा, किंवा दुसऱ्या मुलाकडे बोट. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते ती मुलंही बोलायला लागली. खिशातला मोबाइल टेबलावर ठेवून एक तास ध्वनिमुद्रित करा आणि घरी एकट्याने ऐका. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून गप्प राहताना ते फार लांब असतात.

आता तो उसासा. बी.एड.च्या वर्गात कृती संशोधन हा अनिवार्य भाग झाला आणि त्याची पार रया गेली. विषय ठरलेले, साचा ठरलेला : समस्या, कारणं, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष. आणि निष्कर्ष बहुधा एकच, 'उपक्रम उपयुक्त ठरला'. जिथे कुणाचाच उपाय कधी फसत नाही तिथे संशोधन होत नसतं, हे स्पष्ट म्हणायला हवं. फसलेला उपाय प्रामाणिकपणे नोंदवणारा अहवाल मला दहा यशस्वी अहवालांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यातून शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाचे श्रम वाचतात.

चांगलं काम होतच नाही असं मात्र अजिबात नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. तिच्या राज्यस्तरीय नवोपक्रम स्पर्धेत शिक्षक आपले प्रयोग पाठवतात, तिच्या 'जीवन शिक्षण' मासिकात ते लिहितात. पुण्यातूनच निघणारं 'पालकनीती' १९८७ पासून शिक्षक आणि पालक दोघांनाही लिहितं ठेवत आलं आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था ज्या हेतूंनी स्थापन झाल्या, त्यांतही शिक्षकांच्या कृती संशोधनाला साथ देणं हे एक काम आहे. व्यवस्था कागदावर आहे. नाही तो वेळ. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून उरलेल्या वेळात शिक्षकाने चुकांचे ढीग लावावेत अशी आपली अपेक्षा असेल, तर ती अन्यायाची आहे.

एका गोष्टीची काळजी मात्र प्रत्येक संशोधक शिक्षकाने घ्यायला हवी. वर्गातली मुलं विश्वासाने समोर बसलेली असतात. अर्ध्या मुलांना चांगलं शिकवायचं आणि तुलनेसाठी अर्ध्यांना मुद्दाम वंचित ठेवायचं, हे शिक्षकाला करता येत नाही. साठी आधी, सत्तरी नंतर, अशी रचना म्हणूनच मोलाची आहे. शेवटी सगळ्यांना सगळं मिळतं. आणि मुलाची चूक अहवालात जावी, नाव जाऊ नये.

तुम्ही पालक असाल, तर पुढच्या पालकसभेत 'माझ्या मुलाला किती गुण?' याच्या जोडीला एक प्रश्न विचारा : 'तो चुकतो तेव्हा नेमका कसा चुकतो?' मुख्याध्यापक असाल, तर वेळापत्रकात आठवड्याला एक तासिका अशी ठेवा, की ज्यात दोन शिक्षक एकमेकांच्या वर्गातल्या वह्या समोर घेऊन बसतील आणि तपासणीचं लाल पेन हातात घेणार नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत असाल, तर ती तासिका दुसऱ्या कुठल्याही कामासाठी काढून घेतली जाणार नाही याची जबाबदारी तुम्ही घ्या. एवढं या शैक्षणिक वर्षात करता येण्यासारखं आहे.